तारीख राहिली

परवा माझी मुलगी कॉलेजातून आली ती वही नाचवतच. त्यांच्या स्नेहसंमेलनाला कुणी नट आला होता आणि त्याची सही मिळवताना हिची एक चप्पल गर्दीत गेली होती. चपलेचं तिला काही नव्हतं. तिनं वही माझ्यापुढं धरली. पानावर डावीकडून उजवीकडं एक रेघ गेली होती, मध्ये दोन उंचवटे आणि शेवटी एक शेपूट.

मी म्हटलं, "यात नाव कुठाय? आणि तारीख?"

"आई, ही सही आहे. रेशनकार्डाचा अर्ज नाही."

ती आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मी बोललेच नव्हते. सबनीस बोलले होते. इतकी वर्षं त्यांच्या समोरच्या खिडकीत काढल्यावर माणसाला एवढी लागण होणारच.

पिंपरीला ज्या कंपनीत मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले तिथं पाण्याचे पंप तयार होत. माझी खोली मेन गेटला लागून होती. माझ्या खिडकीतून समोर जी खिडकी दिसे तिच्यात मोरेश्वर दत्तात्रय सबनीस बसत. त्यांचं नाव असं पूर्णच सांगायला हवं, अर्धं सांगितलेलं त्यांना खपत नसे. उंच, वाळके, चष्मा कपाळावर. जवळचं वाचायचं असलं की चष्मा वर जाई, आणि त्यांना दिवसभर जवळचंच वाचायचं असे, त्यामुळं तो खाली क्वचितच येई. खिशाला दोन पेनं. एक निळ्या शाईचं, स्वतःचं. दुसरं काळ्या शाईचं, ते पाहुण्यांचं.

काम गेटपासचं. कंपनीतून काहीही बाहेर जायचं तर, मग तो पंप असो की रिकामा डबा, सबनीसांच्या खिडकीवरून जाणार. फॉर्म त्यांनी स्वतः आखून छापून घेतलेला. नावाला तीन रकाने: स्वतःचे नाव, वडिलांचे अथवा पतीचे नाव, आडनाव. खाली हुद्दा, सही, तारीख. पांढरी प्रत माल नेणाऱ्याला, गुलाबी पहारेकऱ्याला, पिवळी फायलीत. रकाना रिकामा दिसला की कागद खिडकीतून परत येई. "माणूस अर्धाच आलाय, उरलेला घेऊन या," असं ते म्हणत, आणि म्हणताना हसत नसत.

एकदा मोठ्या साहेबांनी घरचा टेबलफॅन दुरुस्तीला कंपनीत आणला होता. संध्याकाळी तो गाडीत मागच्या सीटवर ठेवून निघाले. गेटवर पहारेकरी ज्ञानोबा होता, थेरगावचा. त्यानं सलामही केला आणि गाडीही थांबवली. साहेबांनी वैतागून फॉर्मवर एक फर्राटा ओढला. सबनीस खिडकी सोडून स्वतः बाहेर आले.

"साहेब, ही सही झाली. नाव राहिलं."

"सबनीस, तुम्ही मला ओळखत नाही?"

"मी ओळखतो साहेब. कागद ओळखत नाही."

साहेबांनी गुडघ्यावर कागद ठेवून नाव लिहिलं. मधल्या रकान्यापाशी जरा थांबले आणि म्हणाले, "वडिलांचं नाव लिहिलंच नव्हतं हो कित्येक वर्षांत." गाडी गेली. ज्ञानोबा गुलाबी प्रत घडी करत म्हणाला, "सायेब, तुमची नोकरी जाईल एक दिवस." सबनीस म्हणाले, "गेली तर तिचाही गेटपास लागेल."

त्यांच्या तावडीतून मीही सुटले नाही. लग्न होऊन मी कामावर आले त्या आठवड्यात कंपनीचं नाटक झालं. त्यासाठी घरून आणलेली समई परत न्यायची होती. सवयीनं माहेरची सही ठोकली. कागद परत आला.

"देवधरबाई, ही सही दातारबाईंची आहे."

"मीच ती."

"त्या कंपनीच्या हजेरीपटावरून गेल्या. त्यांची समई तुम्हाला कशी देऊ?"

मी नवं नाव लिहिलं. माझ्या हातून ते पहिल्यांदाच लिहिलं जात होतं आणि तेही एका समईसाठी. संताप आला होता. मंगळसूत्रापेक्षा त्या रकान्यानं मला लग्न झाल्यासारखं वाटलं, असं मी घरी सांगितल्यावर माझे यजमान बराच वेळ हसत होते.

असल्या माणसाला नाद कसला असावा, तर नामवंतांच्या सह्या गोळा करण्याचा. त्या वर्षांत आमच्या भागात नामवंत मंडळी बरीच येत. कंपन्या नव्या होत्या, हौस दांडगी होती. कुणाचा क्रीडादिन, कुणाचं स्नेहसंमेलन, वसाहतीतला गणपती, कामगारांची नाट्यस्पर्धा. कुठंतरी कुणी पाहुणा हार घालून घ्यायला बसलेला असेच. तिथं कार्यक्रम संपायच्या जरा आधी सबनीस हजर. बाकीचे लोक वही कुठूनही उघडून पुढं करत. सबनीसांची वही तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली आणि आतून आखलेली असे: पूर्ण नाव, तेही तीन रकान्यांत, मग हुद्दा, सही, तारीख, शेरा. शेरा ते घरी जाऊन स्वतः भरत. "घाईत होते." "पेन परत करायला विसरले, मागून घेतले." "अक्षर चांगले, वागणूक मध्यम."

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणायच्या, "लोक देवळात जाऊन काही मागतात. हे गेले तर देवाला म्हणतील, खाली पूर्ण नाव लिहा."

क्रीडादिनाला एक क्रिकेटर आला होता. कधीतरी मोठ्या संघात खेळलेला, मग वगळलेला. त्यानं वहीत झोकदार सही केली. सबनीसांनी ती उजेडाकडं धरली, चष्मा वर सरकवला.

"हे काय लिहिलंय?"

"माझं नाव."

"कुठं?"

तो हसला आणि खाली सुवाच्य नाव लिहिलं, वडिलांचंही लिहिलं. हुद्द्यापाशी अडला. सबनीस म्हणाले, "तुम्ही तिथं काय करता ते लिहायचं." त्यानं लिहिलं, डावखुरा फिरकी गोलंदाज.

"कायम की टेम्पररी?" सबनीसांनी विचारलं.

गोलंदाजानं जरा विचार केला आणि म्हणाला, "टेम्पररीच लिहितो." मग मात्र तो सबनीसांना सोडेना. त्यांना शेजारी बसवून संघ-निवडीच्या गोष्टी सांगत राहिला, आणि बक्षीस समारंभ त्याच्यासाठी खोळंबला.

दुसरा प्रसंग हिंदी सिनेमातल्या एका खलनायकाचा. पवनेच्या काठी शूटिंग होतं. लोक लांबूनच बघत होते, कारण पडद्यावर तो जे करायचा ते बघता जवळ जायची कुणाची छाती नव्हती. सबनीस सरळ त्याच्या खुर्चीपाशी गेले. त्यांचं हिंदी आमच्या गेटवर ट्रक-ड्रायव्हरांशी बोलून झालेलं.

"आपका नाम अर्धा है. बीच में पिताजी का नाम डालिए."

"पिताजी का? क्यूँ?"

"रकाना है."

खलनायकानं रकाना बघितला. नाव लिहिलं आणि बराच वेळ पेन हातातच धरून बसला. त्याचे वडील कुठल्याशा गावात पोस्टमास्तर होते आणि मुलगा रेल्वेत आहे असं सगळ्यांना सांगायचे. हे त्यानं सबनीसांना सांगितलं, मग स्टूल मागवून त्यांना बसवलं. त्या दिवशीचा शेरा: "चहा दिला. स्वभाव मऊ."

या दोन-तीन अनुभवांवरून सबनीसांनी एक सिद्धान्त काढला. तो ते कँटीनमध्ये कुणालाही ऐकवत. मोठ्या माणसाला सगळे जण त्याच्या एकट्याच्या नावानं ओळखतात. तुम्ही त्याला वडिलांचं नाव विचारलंत की तो तुमचा झाला. मला त्यात चूक दिसली नव्हती. कुणालाच दिसली नव्हती.

त्यांना एक सही मात्र मनापासून हवी होती, नयनमालाची. आज हे नाव तरुण पोरांना माहीत नसेल, पण तेव्हा ती पडद्यावर आली की पिटातले लोक टोप्या उडवत. तमाशाच्या फडातून सिनेमात आलेली. आवाज थोडा जाड, डोळे मोठे, आणि समोरच्या नटाकडं ती बोलताना असं बघायची की तो आपले संवाद विसरत असणार. तिचा एक सिनेमा सबनीसांनी इतक्या वेळा पाहिला की डोअरकीपर त्यांना तिकीट न बघता आत सोडायला लागला. तेव्हा सबनीसांनी त्याला बजावलं, "ओळखीचा असलो तरी तिकीट बघत जा."

वहीत तिच्यासाठी एक अख्खं पान आखून ठेवलं होतं. वहिनींना ते माहीत होतं.

"माझी त्या वहीत एक ओळ नाही, आणि तिला पान."

"तू कुठं प्रसिद्ध आहेस?"

"तुमच्या घरात राहते. तेवढ्यावर मिळायला हवं होतं."

मग तो मेळावा ठरला. चिंचवडच्या एका थिएटरवर नयनमालाच्या सिनेमाचा रौप्यमहोत्सव झाला आणि मालकानं थिएटरच्या आवारात रसिक मेळावा भरवला. ती स्वतः येणार, चाहत्यांना भेटणार, सह्या देणार. रविवारी सकाळी मांडव घातला, बिल्ले लावलेले स्वयंसेवक उभे केले, दारातच तिचे फोटो विकायला ठेवले. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. लोकांनी सहीसाठी काय काय आणलं होतं: रुमाल, पत्त्यांतली राणी, लग्नपत्रिका. एकाचा हात प्लास्टरमध्ये होता, तो प्लास्टरच घेऊन आला होता. त्याला सगळ्यात आधी सोडलं.

आम्हीही गेलो, वहिनी आणि मी बायकांच्या रांगेत. सबनीस इस्त्रीचा बुशशर्ट घालून पुरुषांच्या रांगेत, काळ्या शाईचं पेन नव्यानं भरलेलं. त्यांच्या मागंच ज्ञानोबा. तोही सुट्टीचा दिवस काढून आला होता आणि त्याच्याजवळ वही नव्हती. "सही घिऊन काय करू? बघाया आलोय," असं त्यानं स्वयंसेवकाला सांगितलं.

सबनीस टेबलापाशी पोचले तेव्हा आम्ही शेजारच्या रांगेत अगदी जवळ होतो. नयनमालानं आखलेलं पान बघितलं आणि तिला गंमत वाटली असावी.

"हे काय, बँकेतून आलात का?"

"गेटपासमधून," सबनीस म्हणाले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच कापरा ऐकला.

तिनं सही केली, नावही लिहिलं. अक्षर टपोरं, एकेक वेगळं काढलेलं. सबनीसांनी वही उजेडाकडं धरली आणि त्यांचा चेहरा फुलला. एवढ्यावर त्यांनी निघायला हवं होतं.

"अक्षर सुरेख आहे. फक्त पूर्ण नाव हवं होतं."

"हेच पूर्ण."

"तसं नव्हे. मधलं. वडिलांचं, नाहीतर यजमानांचं. रकाना आहे."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच राहिलं, पण डोळे बदलले. ती काही बोलायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "एका रकान्यात मावायचं नाही ते." रांग हसली. एकानं शिट्टी घातली. सबनीस गोंधळून मागं वळून बघायला लागले. कशाला हसतायत ते त्यांना खरंच कळलं नव्हतं.

नयनमालानं पेनाला टोपण लावलं. पेन वहीवर नीट आडवं ठेवलं आणि वही त्यांच्याकडं सरकवली.

"माझं एवढंच नाव आहे. पटलं तर ठेवा, नाहीतर पान फाडा."

मग ती उठली आणि थिएटरच्या मागच्या दारानं निघून गेली. मालक तिच्या मागं धावला. थोड्या वेळानं येऊन त्यानं बाईंची तब्येत बिघडल्याचं जाहीर केलं. रांगेतल्या लोकांनी तासन्‌तास उन्हात काढले होते. ते कुणाच्या नावानं बोटं मोडणार होते हे सांगायला नको. पत्त्यांतली राणी आणलेला माणूस सबनीसांच्या अगदी तोंडापाशी येऊन म्हणाला, "काका, जनगणना घरी करायची."

परत येताना आम्ही चौघं चालत होतो. सबनीस सायकल हातात धरून, खाली मान घालून. शेवटी ज्ञानोबाच बोलला.

"सायेब, राग मानू नका. फडावरच्या पोरींना आईचंच नाव आसतंय. बाप इचारायचा नसतोय."

सबनीस थांबले. सायकलही थांबली.

"मग त्या फॉर्मात काय लिहितात?"

"फारमात? त्यांना फारम कोण देतंय सायेब?"

वहिनींनी एवढंच म्हटलं, "अहो, माणसाला नाव विचारावं. वंशावळ नव्हे." सबनीसांनी पुन्हा मान खाली घातली आणि सायकल पुढं ढकलली.

वही कपाटावर गेली. पुढं कितीतरी पाहुणे आले नि गेले, सबनीस कुठंच दिसले नाहीत. आमच्याच कंपनीत एक गवई आले होते, तेव्हाही ते खिडकीत बसून पिवळ्या प्रती लावत राहिले. मी विचारलं, "जायचं नाही का?" तर म्हणाले, "काम आहे." काम नव्हतं. माझ्या खिडकीतून मला त्यांचं टेबल दिसत होतं.

एक दिवस मात्र ते पर्सोनेलच्या साहेबांकडं गेले आणि गेटपासचा फॉर्म बदलून मागितला. नावाला एकच रकाना असावा. साहेब आधी खुर्चीत सावरून बसले.

"सबनीस, या मधल्या रकान्यासाठी तुम्ही आम्हाला इतकी वर्षं छळलंत."

"चूक झाली होती."

"स्टॉकमध्ये जुने फॉर्म किती आहेत?"

हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. फॉर्म त्यांनीच घसघशीत छापून घेतले होते, दर स्वस्त पडतो म्हणून. ते संपेपर्यंत नवे मिळणार नव्हते. सबनीस खाली आले आणि स्वतःच्याच फॉर्मांच्या गठ्ठ्याकडं त्यांनी असं बघितलं की मला दया आली असती, पण बोर्डावर तीन कॉल एकदम वाजत होते.

मग त्यांनी आपला मार्ग काढला. कँटीनमध्ये भाकऱ्या करायला बायका येत, त्या घरी रिकामे डबे नेत. त्यांत कुणाला नवऱ्यानं टाकलेलं, कुणी नवऱ्याला. पूर्वी मधल्या रकान्यापाशी त्यांची रखडपट्टी होई. आता सबनीस स्वतःच तिथं निळ्या शाईनं एक आडवी रेघ मारत आणि काही न विचारता कागद पुढं करत. पुरुषांना ही सवलत नव्हती. एका फोरमननं विचारलं, "मलाही रेघ मारा की." सबनीस म्हणाले, "तुमचे वडील काल दिवाळीची मिठाई घेऊन गेटवर आले होते. लिहा."

असं चार-पाच वर्षं चाललं. ऐंशी साल उलटून गेलं होतं. सबनीस निवृत्तीला आले होते. त्या वर्षी स्नेहसंमेलनाला कमिटीनं कुणाला बोलवावं, तर नयनमालाला. सिनेमे कमी झाले होते, ती पुन्हा स्वतःचा संच घेऊन कार्यक्रम करत होती. कँटीनच्या शेडमध्ये दुपारी कार्यक्रम झाला. छान झाला. मी अर्धाच पाहिला, कारण बोर्डावर परतायचं होतं.

संचाची ट्रक सकाळी आत आली तेव्हा दुसराच कारकून होता. संध्याकाळी बाहेर निघाली तेव्हा पेटी, ढोलकी, दिव्यांचे स्टँड आणि कपड्यांच्या ट्रंका यांचा पास करायचा होता. ज्ञानोबानं गेट लावून घेतलं आणि खिडकीकडं बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं.

सबनीस मागच्या फायलींच्या खोलीत होते. ज्ञानोबा मला म्हणाला, "बाई, तुमीच बोलवा. माझं ऐकत न्हाईत."

मी दारातून म्हटलं, "सबनीस, ट्रक उभी आहे."

"ज्ञानोबाला सांगा, सोडून दे."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. या माणसानं मोठ्या साहेबांचा पंखा अडवला होता.

"पासशिवाय?" मी विचारलं.

ते उठले. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यावर घेतला. मग खिडकीत जाऊन बसले आणि फॉर्म लिहायला घेतला. माल स्वतः लिहिला, नाव स्वतः लिहिलं: नयनमाला. मधल्या रकान्यात आडवी रेघ. आडनावाच्या रकान्यात पेन टेकवलं तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला.

"सही माझी लागेल ना?"

ती ट्रकमधून उतरून आली होती. चेहऱ्यावरचा रंग पुसलेला, केस सोडून बांधलेले. वय दिसत होतं. तिनं कागद वळवून घेतला, वाचला आणि सबनीसांकडं नीट बघितलं.

"तुम्ही चिंचवडच्या मेळाव्यातले."

"होय."

"तुमचे रकाने ओळखले मी."

सबनीसांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ज्ञानोबानं गेटची कडी उगाचच काढली आणि पुन्हा घातली.

"ही रेघ कसली?" तिनं विचारलं.

"तिथं काही लिहायचं नसलं की मी रेघ मारतो. चालतं तसं."

"तुम्हाला कुणी सांगितलं मला लिहायचं नाही म्हणून?"

"मला वाटलं..."

"त्या दिवशी विचारलंत ते चारचौघांत. आज विचारलंच नाहीत. मधलं काही येतं का तुम्हाला?"

माझ्या बोर्डावर कुणाचा तरी कॉल वाजत होता. मी उचलला नाही.

सबनीसांनी निळं पेन खिशात ठेवलं. काळ्या शाईचं काढलं, टोपण उघडून तिच्यापुढं धरलं आणि म्हणाले, "आपलं मधलं नाव काय लिहायचं?"

तिनं पेन घेतलं. "वडिलांचे अथवा पतीचे" ही छापील अक्षरं तिनं खोडली, रेघेवरून टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: हौसाबाई. पुढं आडनाव, चाकणकर. हुद्द्याच्या रकान्यात कुणी न सांगता लिहिलं: मालक.

"माझ्या आईचं नाव. फड तिचा होता, मी तिच्याकडनं शिकले. चालेल?"

सबनीसांनी कागद उजेडाकडं धरला. चष्मा वर सरकवला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. ट्रकमधली मंडळी खाली वाकून बघत होती. ढोलकीवाला ज्ञानोबाला हळूच म्हणाला, "काय झालं वं?" ज्ञानोबा म्हणाला, "तपासत्यात."

सबनीसांनी कागद परत खिडकीवर ठेवला आणि खोडलेल्या अक्षरांवर बोट टेकवलं.

"इथं खाडाखोड झालीय. शेजारी छोटी सही करावी लागेल."

तिनं केली.

"आणि तारीख राहिली."

नयनमाला त्यांच्याकडं बघत राहिली आणि मग हसली. सिनेमातलं नव्हे, मोठ्यानं, जाड आवाजात. तारीख टाकून तिनं पेन परत केलं. "हा कागद माझ्याकडं राहील ना?"

"पांढरी प्रत पार्टीची," सबनीस म्हणाले आणि तिच्यावर स्वतःची सही केली, पूर्ण नावानिशी. तो कागद तिनं घडी घालून पर्समध्ये ठेवला. ज्ञानोबानं गेट उघडलं, ट्रक मुंबई-पुणे रस्त्याला लागली.

तेव्हा मला कळलं की सबनीसांनी वही पुढं केलीच नव्हती. ती घरी कपाटावर होती. मी म्हटलं, "निदान पिवळी प्रत तरी घरी न्या."

"कंपनीचा कागद आहे, देवधरबाई," ते म्हणाले आणि प्रत फायलीला लावली. बाकीच्या सगळ्या प्रतींसारखीच, क्रमानं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांनी सायकलची घंटी विनाकारण वाजवली. समोर कुणी नव्हतं.

वही खाली उतरली असं पुढच्या आठवड्यात वहिनींनी सांगितलं. उतरल्यावरची पहिलीच नोंद वहिनींची स्वतःची होती. पूर्ण नावात वहिनींनी माहेरचं लिहिलं, सासरचंही लिहिलं, आणि हुद्द्यात "कायम" एवढंच. शेऱ्याचा रकाना त्यांनी नवऱ्याला भरू दिला नाही.

सबनीस निवृत्त झाले तेव्हा नेहमीसारखा हार, नारळ, भाषणं झाली. भाषणांत सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुक केलं. एरवी तेच लोक त्या शिस्तीबद्दल काय बोलत ते माझ्या खिडकीतून मी ऐकत आले होते. कार्यक्रम झाल्यावर ते शेवटचे खिडकीत आले. टेबलावरचं स्वतःचं सामान पिशवीत भरलं: लाकडी पट्टी, बसायची उशी, चहाचा कप, दोन्ही पेनं. मग एक फॉर्म ओढला आणि स्वतःच्या सामानाचा पास स्वतःच लिहिला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हुद्दा: निवृत्त. पांढरी प्रत खिशात घातली, पिवळी फायलीला लावली, गुलाबी ज्ञानोबाला दिली, पिशवी हँडलला अडकवली आणि निघाले.

ज्ञानोबानं प्रत वाचली. त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर तोही आता वाचूनच सोडत असे. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि प्रत खिडकीतून माझ्या हातात दिली. मी बघितली आणि बाहेर येऊन हाक मारली.

"सबनीस, तारीख राहिली."

ते बरेच पुढं गेले होते. उतरले, सायकल वळवून परत आले. स्टँडवर लावली. प्रत हातात घेतली, चष्मा वर सरकवला, बघितलं.

"मुद्दाम सोडली होती," ते म्हणाले. "मी गेल्यावर कुणी बघतं का, ते पाहत होतो."

मग गेटच्या खांबावर कागद टेकवून त्यांनी तारीख टाकली, खिशातल्या प्रतीवरही टाकली, पिवळीसाठी पुन्हा खिडकीत जाऊन आले. ते खोटं बोलत होते हे मला कळलं, ज्ञानोबालाही कळलं. पण पास आता पूर्ण होता, म्हणून आम्ही त्यांना जाऊ दिलं.